बोल्ट हातानं गेला पाहिजे

जोमा मिस्त्रीचा माझ्यावर विश्वास नव्हता. हे आधीच सांगून टाकते. अशा लिखाणात शेवटी सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात, तशी अपेक्षा ठेवून कोणी वाचायला बसलं असेल तर त्याने इथेच उठावं.

पनवेलला उरण नाक्याजवळ त्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे, मागे कुडाची भिंत. पाटी नव्हती. पाटी लावली की कोणीही येतं, असं त्याचं म्हणणं. हाताखाली पोऱ्या नव्हता. पोऱ्या म्हणजे पगार देऊन ठेवलेला चोर. प्रत्येक पान्यावर त्याने पंचाच्या लोखंडी टोच्याने तीन ठिपके ठोकलेले होते. हातोड्याच्या दांड्यावर तीन ठिपके, रॉकेलच्या डब्यावर तीन ठिपके, चहाच्या काचेच्या पेल्याला पंच मारता येत नाही म्हणून बुडाला लाल रंगाचे तीन ठिपके.

गिऱ्हाईक आलं की तो गाडीकडे बघायचा नाही, माणसाच्या चपलांकडे बघायचा. तळोज्याच्या रस्त्याची राखाडी धूळ, वीटभट्टीची तांबडी, खाडीचा वाळलेला चिखल, सगळं त्याला चपलेवर वाचता यायचं. मग विचारायचा, "कोनी पाठवला?" कोणी पाठवलं नाही म्हटलं तर संशय. कोणाचं नाव सांगितलं तर जास्त संशय.

मी पहिल्यांदा गेले ती नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. आमची संघटना तळोज्यातल्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध उभी राहिली होती. संघटना म्हणजे निवृत्त शिक्षक असलेले आमचे सर, कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली आठ-दहा पोरं, एक सायक्लोस्टाइल यंत्र आणि एक मोटरसायकल. मोटरसायकल मोरूशेठ नावाच्या एका वीटभट्टीवाल्याने देणगी दिली होती. भट्टीवाल्याला नदीचा एवढा पुळका कसा, हा प्रश्न मी तेव्हाच विचारला होता. सर म्हणाले, प्रत्येक माणसाकडे संशयाने बघितलं तर चळवळ उभी राहत नाही. ठीक आहे, म्हटलं. गावोगाव पत्रकं वाटायला गाडी लागतच होती, आणि ती चालवायला आमच्यात माझ्याइतकं कोणी तयार नव्हतं. मुलगी मोटरसायकलवर, म्हणून पनवेलचे लोक माना वळवून बघायचे. बघू देत.

क्लचची तार तुटली म्हणून मी गाडी ढकलत जोमाकडे नेली. त्याने चपला बघितल्या, मला बघितलं, गाडीवरच्या पत्रकांच्या गठ्ठ्याकडे बघितलं. एक पत्रक ओढून त्याने उजेडासमोर धरलं, उलटं करून पाठ बघितली, आणि मग ओठ हलवत सगळं वाचलं.

"'जनता पेटून उठली आहे'," तो म्हणाला. "ही जनता कोन? र्‍हाते कुठं?"

जनता म्हणजे तुम्ही-आम्ही, असं मी सांगितलं.

"मी नाय पेटलो." त्याने कागदाची घडी घातली. "बाय, नाव लिवा. कंच्या कारखान्याचा पाइप, कोन पानी सोरतं, त्याचा नाव. नाव नाय तं ह्यो कागूद वडं बांदायला बरा."

ते पत्रक मी लिहिलेलं होतं. मला राग आला, आणि त्याच रागात मला शेडच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या दोन स्कूटर दिसल्या. त्यांच्यावर तळोज्याच्या एका कारखान्याचं पार्किंगचं स्टिकर होतं. म्हणजे हा त्यांचा माणूस. त्यांच्या साहेबांच्या गाड्या करतो आणि आमच्या पत्रकात खोड काढतो. मी सरांना तसं सांगितलं. सर म्हणाले, लक्ष ठेव.

म्हणून मी लक्ष ठेवायला जायला लागले. कधी हवा भरायला, कधी चेन आवळायला, कधी उगाच. ते त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. मी दिसले की तो म्हणायचा, "आली पोलीसबाय," आणि पुढ्यातले पाने मोजून घ्यायचा. मी त्याच्यावर नजर ठेवत होते, तो माझ्यावर. असा आमचा परिचय वाढला.

त्याचं काम मी असं बघितलं. इंजिन चेसिसमध्ये, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यात, बसवायला सगळीकडे दोन माणसं लागतात, एक उचलून धरायला आणि दुसरा बोल्ट घालायला. जोमाकडे दुसरा माणूस नव्हता आणि ठेवायचाही नव्हता. म्हणून तो उलटं करायचा. इंजिन गोणपाटावर आडवं निजवायचा. गाडीचं सगळं सोडवून चेसिस मोकळी करायचा, तिच्या नळ्यांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळायचा म्हणजे रंग खरवडत नाही, आणि ती चेसिस वरून इंजिनावर उतरवायचा. कोंबडीवर टोपलं झाकतात ना, तशी. मग सगळे बोल्ट नुसते बोटांनी घालायचे. आवळायचे नाहीत. सगळे गेले की मग पाना. एखादा बोल्ट अडला तर तो हातोड्याकडे बघायचासुद्धा नाही. पुन्हा सगळं काढायचा.

"बोल्ट हातानं गेला पायजे," हे त्याचं ब्रह्मवाक्य. "हातोरा लागला म्हंजे कोनतरी खोटा बोलतंय. येक तं इंजान, नायतं चासी."

एकदा त्या स्टिकरवाल्यांपैकी एक अधिकारी आपली मोटरसायकल घेऊन आला. दुसऱ्या कोणीतरी इंजिन बसवलं होतं आणि ते हादरत होतं. जोमाने मागचा बोल्ट बघितला. बोल्टाचं डोकं हातोड्याने चेपलेलं होतं. भर गर्दीत त्याने त्या साहेबाला विचारलं की हे ठोकणारा तुमच्याच कारखान्यातला का, कारण वाकडं घुसवायचं आणि वर रंग मारायचा हे तिकडचंच काम दिसतं. साहेबाने आवाज चढवला. जोमाने किल्ली साहेबाच्या हातात परत ठेवली आणि आपल्या पेल्यातून चहा प्यायला लागला. काम केलं नाही. त्या दिवसापासून स्टिकरच्या गाड्या यायच्या बंद झाल्या. माझा त्याच्यावरचा संशय थोडा कमी झाला, पूर्ण नाही. पत्रकबाजीत मी एक गोष्ट शिकले होते, की उघड भांडण कधीकधी ठरवूनही होतं.

आमच्या गाडीबद्दल मात्र त्याचं पहिल्यापासून एक म्हणणं होतं. इंजिन चालू असताना त्याने एकदा हँडलवर तळवा ठेवला आणि म्हणाला, "ही गारी खोटा बोलते." ती हादरायची हे खरं होतं. कळंबोलीपर्यंत गेलं तरी माझ्या हातांना मुंग्या यायच्या. इंजिन उतरवून बघू दे, असं तो दर वेळी म्हणायचा. एकदा खडू घासून त्याने इंजिनावरचा नंबर उजळवला आणि आकडे ओळीत नाहीत असंही दाखवलं. मी सरांना विचारलं. सर म्हणाले, नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळतो ना? मग त्या माणसाला आपलं इंजिन उघडायची एवढी घाई का? तो प्रश्न मला पटला. तेव्हा सगळेच प्रश्न पटायचे.

शेडच्या आढ्याला एका हुकावर एक रिकामी चेसिस टांगलेली होती. काळी, गंजलेली, नुसता सांगाडा. तिच्याबद्दल विचारलं की जोमा ऐकूच न आल्यासारखं करायचा. ती कहाणी मला समोरच्या पंक्चरवाल्या इस्माईलभाईने सांगितली.

करंजाडेकडे जोमाची भाताची जमीन होती. नव्या शहरासाठी सरकारने ती घेतली. पैसे आले तसे गेले; भावकीतल्या कोणाचं लग्न झालं, कोणाचं घर. जोमाने आपल्या वाट्यातून एक जुनी मोटरसायकल घेतली, स्वतः उघडली, स्वतः जोडली, तिच्यावरच मिस्त्रीकाम शिकला. शेताच्या बदल्यात हातात उरलेली ती एकच वस्तू. ती एसटी स्टँडसमोरून चोरीला गेली. नंतर कोळ्यांना खाडीच्या चिखलात चेसिस सापडली. इंजिन नव्हतं.

"जमीन गेली तेव्हा रडला नाही," इस्माईलभाई म्हणाला. "गाडी गेली तेव्हा बायकोने ताट पुढे केलं तर ताटाखाली बघितलं यानं. तेव्हापासून जी गाडी येते तिच्या पोटाखाली वाकून बघतो. इंजिन शोधतो स्वतःचं. आणि शक कोणावर, माहितीये? माझ्यावर. का, तर त्या दिवशी स्टँडवर मी त्याला चहा पाजला. चहा पाजला तोपर्यंत गाडी गेली."

हे सांगताना तो हसत होता, पण त्याला ते लागलेलं होतं. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन दुकानं, आणि जोमा त्याला रोज एकदा तरी ऐकू जाईल असं म्हणायचा की काही लोकांचं कामही वाकडं आणि मनही वाकडं.

आणि मग एका सकाळी तळोज्याच्या रस्त्यावर आमच्या गाडीचं इंजिन जाम झालं. तेल संपलेलं होतं. टेम्पोत घालून गाडी जोमाकडे आणली. आता उघडण्याशिवाय इलाज नव्हता, त्यामुळे सरांनीही हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा इंजिन गोणपाटावर होतं आणि जोमा त्याच्या शेजारी उकिडवा बसलेला होता. काम करत नव्हता. माझ्या चपलांकडेही त्याने बघितलं नाही. म्हणाला, "तुमच्या सरास्नी बोलाव. आन त्या भट्टीवाल्याला पन."

दोघे आले. सरांनी विचारलं, मिस्त्री, कधी बसेल इंजिन?

"बसवतो," जोमा म्हणाला. "पन तुमच्या चासीत नाय. ह्यो माजा इंजान हाय."

मोरूशेठ मोठ्याने हसला. मग त्याने शांतपणे सांगितलं की गाडी त्याने बाजारातून रीतसर घेतली, नंबर पुस्तकात आहे, आणि ज्याला स्वतःचा चहाचा पेलासुद्धा रंग लावून ओळखावा लागतो त्याने असं काही बोलण्याआधी खूण दाखवावी. "कुठं हायेत तुजं तीन ठिपकं? दाखव की."

ठिपके नव्हते. ज्या माणसाने रॉकेलच्या डब्यालाही खूण केली, त्याने स्वतःच्या मोटरसायकलला केली नव्हती. ठिपके ही सगळी गाडी गेल्यानंतरची अक्कल.

सर माझ्याकडे वळून हळूच इंग्रजीत म्हणाले की याला कोणी फूस लावली आहे का ते बघ; कारखान्यांवरचा आपला मोर्चा तोंडावर आहे. मलाही तसं वाटलं नाही असं नाही. मोर्च्याच्या ऐन तोंडावर संघटनेची गाडी चोरीची निघणं, हे कारखान्यांच्या फारच सोयीचं होतं.

एव्हाना रस्त्यावरचे लोक जमले होते. इस्माईलभाईही हातातली ट्यूब तशीच घेऊन आला होता. एखाद्याकडे पुरावा नसला की तो ओरडतो; जोमा ओरडत नव्हता. पुरावा होता, आणि तो बाहेर काढायला त्याला जड जात होतं, हे मला दिसत होतं.

"खूण हाय," शेवटी तो म्हणाला. "मागचा भोक वाकडा हाय."

मग जमिनीकडे बघत त्याने सगळं सांगितलं. शिकत होता त्या दिवसांत इंजिनाचं मागचं भोक झिजून मोठं झालं होतं. त्याने पितळेची नळी ठोकून त्यात नवीन भोक पाडलं, हाताच्या ड्रिलने, आणि ते तिरकं गेलं. पुन्हा करायला हवं होतं. पितळ आणायला पुन्हा मुंबईला जावं लागणार होतं, आणि घरचे आधीच हसत होते. म्हणून त्याने कानस घेतली आणि चेसिसचं भोकही तेवढंच तिरकं करून टाकलं. वाकड्याला वाकडं जुळवलं. वरून वायसरची चकती लावली, रंग मारला. ही गोष्ट त्याने आजवर कोणाला सांगितली नव्हती. उभ्या पनवेलच्या मिस्त्र्यांना वाकड्या बोल्टावरून शिव्या घालणारा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या गाडीत हे.

कोणीतरी हसलं. जोमाने मान वर केली नाही.

"इस्माईल," तो म्हणाला, "बोल्ट तू घाल. माज्या हातावर कोन इश्वास ठेवनार?"

इस्माईलभाईने ट्यूब खाली ठेवली, लुंगीला हात पुसले. आधी आमची चेसिस इंजिनावर उतरवली. पुढचे बोल्ट बोटांनी गेले. मागचा अर्ध्यावर अडला. इस्माईलभाईने फिरवला, काढला, पुन्हा घातला, तिथेच. तिथे आधी एक बारीक बोल्ट पत्र्याचे तुकडे भरून ठोकून बसवलेला होता, तो जोमाने बाजूला ठेवलेला दाखवला. माझ्या हाताच्या मुंग्या तिथून येत होत्या.

मग आढ्याची चेसिस काढली. मागच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. ते जोमाने तारेने खरवडून काढलं, रॉकेलचा बोळा फिरवला. नळ्यांना ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या, खरवडायला रंग राहिलेला नसताना. आणि चेसिस उचलताना तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाला, "बाय, त्या टोकाला धर."

मी धरलं. उतरवली. पुढचा बोल्ट, खालचा बोल्ट. मागचा बोल्ट इस्माईलभाईने दोन बोटांत धरला, थोडा तिरका करून भोकाला लावला. गेला. आरपार गेला, आणि पलीकडून त्याचं टोक बाहेर आलं. सरळ नाही, सगळ्यांना दिसेल इतकं तिरकं.

इस्माईलभाईला तेव्हा काहीही बोलता आलं असतं. इतक्या वर्षांचं बोलणं त्याने ऐकून घेतलं होतं. तो एवढंच म्हणाला, "जोमाभाय, आता माझ्यावरचा शक काढ."

"कारतो," जोमा म्हणाला. "पन तुज्याकडं बघून नाय. बोल्टाकडं बघून."

मोरूशेठ म्हणाला, आम्ही बाजारातून घेतली, आम्हाला काय माहीत, आणि घड्याळ बघत निघून गेला. त्याला माहीत होतं का? माझा संशय आजही आहे. तो काढायला माझ्याकडे तसला बोल्ट नाही.

पोलिसात जाऊ, मी म्हटलं. जोमाने मला वेड्यात काढलं. पोलिसात दिलं की इंजिन मुद्देमाल होतं आणि चौकीच्या अंगणात गंजतं. एकदा गेलेलं पुन्हा कोण घालवील? सर म्हणाले, गैरसमज झाला, इथेच मिटवू. म्हणजे दोघांचं म्हणणं एकच निघालं, कारणं वेगळी. मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. चोरीच्या इंजिनावर बसून न्याय मागता येत नाही, देणगी कोणाची आणि कुठून आली ते संघटनेने सांगितलं पाहिजे. मोरूशेठचं पूर्ण नाव घातलं. सरांनी वाचलं आणि म्हणाले, मुद्दा बरोबर, वेळ योग्य नाही. माझ्या अनुभवात ती वेळ कधीच योग्य नसते. त्या महिन्यात मी संघटना सोडली.

सोडण्याआधी ते हस्तलिखित जोमाला दाखवलं होतं. त्याने नेहमीसारखं उजेडासमोर धरलं, पाठ बघितली, ओठ हलवत वाचलं.

"आता बरोबर हाय," तो म्हणाला. "आता कोन छापनार नाय."

आमची रिकामी चेसिस त्याने आढ्याच्या त्याच हुकाला टांगून ठेवली. संघटनेने ती कधी मागितली नाही.

नंतर माझं काम उरणच्या बाजूला गेलं आणि पनवेलला येणं तुटलं. काही वर्षांनी एका दुपारी करंजाड्याच्या वळणावर, टपरीजवळ, ती मोटरसायकल येताना मला आवाजावरून कळली. हादरत नव्हती. जोमाचे केस पांढरे झाले होते. त्याने गाडी लावली, माझ्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाला, "उरनचा मीठ. तिकरं असतंस आता?" मी हो म्हटलं. कोणी पाठवलं, हे त्याने विचारलं नाही.

मी टपरीवर चहा सांगायला गेले. वळून आले तोपर्यंत त्याने पान्याने प्लग काढून फडक्यात गुंडाळला होता. गाडी उभी केली की प्लग खिशात, म्हणजे ती कोणाला चालू करता येत नाही, ही त्याची इंजिन परत आल्यापासूनची सवय, असं इस्माईलभाईकडून ऐकलेलं होतं. चहा पिऊन झाला. रस्त्यापलीकडे मोकळ्या जागेत प्लॉटच्या नंबरांचे दगड रोवलेले होते. तिथे कुठेतरी त्याच्या शेताचा बांध होता.

"जरा जाऊन येतो," तो म्हणाला, आणि फडक्यातला प्लग त्याने माझ्या हातावर ठेवला. "गारीकरं बघ."

खोटं कशाला बोलू, मी ताठ उभी राहिले. आजवर कोणत्याही सभेत अध्यक्षांनी नाव घेतलं तरी एवढी ताठ उभी राहिले नसेन. प्लग अजून कोमट होता. जोमा दगडांमधून चालत गेला, एका दगडापाशी थांबला, त्यावरचा नंबर अंगठ्याने पुसून वाचायला खाली वाकला. शर्ट वर सरकला.

पाठीमागे, पँटीच्या कमरेत, गाडी चालू करायच्या किकचा दांडा खोचलेला होता.